दादाने शेजारून आणलेला सिलिंडर

मी भित्रा माणूस आहे. लिफ्टला भितो, उघड्या वायरीला भितो, गिऱ्हाईकाच्या गाडीची चावी दुकानातल्या खिळ्याला टांगलेली दिसली तरी कोणी गाडी पळवेल म्हणून भितो. उल्हासनगरात आमचं गाड्यांचे एसी दुरुस्त करायचं दुकान आहे. मी आणि माझा थोरला भाऊ, दोघं मिळून ते चालवतो. दादा माझ्या अगदी उलटा. मी काही बोलायला तोंड उघडलं की म्हणायचा, "झाली ह्याची आकाशवाणी सुरू!" माझ्या ढीगभर खोट्या भीतींत एक खरी होती, पण त्याने तीही त्याच ढिगात टाकली होती.

ती ऑक्सिजनची.

आमच्या कामात गॅस भरण्याआधी पंप लावून पाइपांतली सगळी हवा आणि ओल ओढून काढतात. मग पंप बंद करून मीटरच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा जागचा हलला नाही तर सगळं घट्ट आहे. सरकायला लागला तर कुठूनतरी हवा आत शिरतेय. त्या दुपारी बदलापूरच्या शिरगावातून आलेल्या एका गाडीचा काटा सरकत होता, अगदी हळू. अशा वेळी दाबाने नायट्रोजन भरायचा आणि सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडा कुठे येतो ते शोधायचं. नायट्रोजनच, कारण तो पेट घेऊ देत नाही. एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं. तिथे दाबाखालचा ऑक्सिजन गेला की ठिणगीचीसुद्धा गरज पडत नाही, कॉम्प्रेसर फिरला की सगळं फुटू शकतं. हे मी दादाला किती वेळा सांगितलं असेल! "अरे, तो घेऊन तर आपण जगतो," असं म्हणून तो हसायचा.

आमचा नायट्रोजन संपला होता. मी रिक्षात रिकामा सिलिंडर घालून अंबरनाथला भरून आणायला गेलो. तिथे नंबर लागायची वाट बघत असताना दादाचा फोन आला.

"तू आरामात ये. बाजूच्या वेल्डिंगवाल्या अंकलकडून सिलिंडर आणला, प्रेशर मारून झालं. फेस कुठेच फुगत नाय. आता गाडी स्टार्ट करून कॉम्प्रेसर फिरवतो, म्हणजे कळेल."

मी "दादा, नको!" म्हणेपर्यंत फोन कट झाला होता.

वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजनशिवाय दुसरा कसला सिलिंडर असणार? मी लगेच फोन लावला. बिझी. परत लावला. बिझी. सिलिंडर तिथेच सोडून रस्त्यावर धावलो आणि दिसेल त्या रिक्षात बसलो. "कुठे जायचंय?" रिक्षावाल्याने विचारलं, तर मी नुसता पुढे हात केला. सारखा फोन लावत होतो आणि सारखा बिझी. दादा इतका वेळ कोणाशी बोलतोय? की फोन पडलाय कुठेतरी, आणि तो... पुढचं मनात आणवत नव्हतं. कल्याण-बदलापूर रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या. पुढे कुठे धूर दिसतोय का, म्हणून मी रिक्षाबाहेर मान काढून बघत होतो. वहिनीला काय सांगायचं, तेही मनात येऊन गेलं. त्याची मला अजून लाज वाटते.

गल्लीच्या तोंडाशी उतरलो. दुकान जागेवर होतं. दादा गाडीला टेकून उभा होता, फोन कानाला लावलेला, चेहरा लालबुंद.

"कुठे होतास? किती फोन लावायचे तुला? बिझी, बिझी! गाडीची चावी कुठे ठेवलीस?"

मी खिशात हात घातला. चावी खिशात होती. गाडी चोरीला जाईल म्हणून निघताना मी ती खिळ्यावरून काढून घेतली होती.

पण ऑक्सिजन अजून आतच होता. काळा सिलिंडर गाडीच्या नाकाशी उभा होता, आणि पलीकडे अंकल वेल्डिंगचा टॉर्च पेटवायला बसले होते. "अंकल, आग मत लगाना!" मी ओरडलो. ते टॉर्च खाली ठेवून उठलेच. दादा पुढे यायला लागला.

"मी सोडतो गॅस."

"तू घाई करशील. लांब हो."

आयुष्यात पहिल्यांदा तो माझं ऐकून रस्त्यापलीकडे गेला. मी सिलिंडर बंद केला. नळीचं तोंड मोकळ्या बाजूला वळवलं आणि मीटरचा कॉक केसभर फिरवला. फुस्स झालं. मी बंपरला धरून उभा होतो. काटा खाली येत होता, आणि मला तो एका जागी थांबल्यासारखाच वाटत होता. शून्यावर आला तेव्हा मी तिथेच खाली बसलो.

दादा आला आणि माझ्या शेजारी बसला. मग म्हणाला, "तू ह्याबद्दल सांगितलं होतंस ना मला?"

मी मान डोलावली.

"अजून कशाकशाची भीती वाटते तुला? सांग. सगळं सांग."

मला एवढंच आठवलं. "तुझा फोन बिझी लागला की."

तो हसला नाही.