लाल मेपलचे खुंट

परदेशात, प्लेनो शहरात येऊन आम्हाला वर्ष उलटलं होतं. नवऱ्याचा व्हिसा नोकरीचा, माझा त्याच्या आधारावरचा, त्यामुळे मला काम करायची परवानगी नव्हती. पुण्यात मी बँकेत होते. इथे दुपार संपता संपत नसे. म्हणून लायब्ररीतल्या बोन्सायच्या क्लासला जायला लागले.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या. पूर्वेकडच्या जंगलात त्यांच्या भावाची जमीन होती. ती विकली गेली होती आणि आता तिथे बुलडोझर फिरणार होता. "रानातले मेपल हवे तेवढे ने," त्या म्हणाल्या, "पण पालवी फुटायच्या आत."

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही गेलो. नवऱ्याच्या कंपनीत माणसं कमी करणं चालू होतं. त्याला धड झोप नव्हती, तरी आला. ओढ्याकाठी चिखलात मनगटाएवढ्या खोडाचे मेपल होते. खणता खणता आमच्या पाठी मोडल्या. एकेका झाडाचं जाड मूळ करवतीनं तोडायचं, बारीक मुळं जपायची, ओल्या चादरीत गुंडाळायची. मग मी वरचं झाड कापायला घेतलं, तसा तो थांबला.

"अगं, एवढं उंच झाड, आणि वीतभर खुंट ठेवतेस?"

"मुळं तोडलीत ना? एवढा पसारा ती पोसणार कशी?"

"मग राहिलं काय त्याच्यात?"

मी पुढच्या झाडाला करवत लावली. येताना तो गाडी चालवत होता आणि त्याला झोप येऊ नये म्हणून मी काहीबाही बोलत होते.

तीन खुंट प्लॅस्टिकच्या टबांत लावले. रोज पाणी घालायचे. दोन वाळले. नखानं साल खरवडली तर आत तपकिरी. तिसऱ्याला एप्रिलमध्ये लाल कोंब आले. मी नवऱ्याला हाक मारली, तर तो बराच वेळ तिथेच उकिडवा बसून राहिला. त्या आठवड्यात त्याची नोकरी गेली होती.

पुढचे दोन महिने तो फोनवर इंटरव्ह्यू द्यायचा आणि मी लांब वाढलेल्या फांद्या दोनच पानं ठेवून छाटायचे. शेवटी दूर सांता क्लाराला काम मिळालं. मूव्हिंगवाले झाडं न्यायला तयार नव्हते. म्हणून आमचं झाड न्यायला बाई पिकअप घेऊन आल्या. आम्ही टब उचलून मागे ठेवला. त्यांनी खोडाभोवती जुना टॉवेल लावला आणि म्हणाल्या, "फोटो पाठवत जाईन."

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. फक्त कुठेतरी टेकावंसं वाटलं.

"तिकडे गेल्यावर दुसरं आणू," नवरा म्हणाला.

"नको रे. आता काही दिवस काहीच नको."

तो आत गेला, झाडू घेऊन आला आणि घरामागच्या पॅटिओवर सांडलेली माती झाडायला लागला. मी पायरीवर बसून राहिले. आतले खोके अजून बांधायचे होते.