माझ्या घरचा बिबड्यांचा दिवस

आमच्या गल्लीत उन्हं तापायला लागली की प्रत्येक घराचा बिबड्यांचा एक दिवस ठरतो. तीन दिवस भिजलेली ज्वारी दळायची, तिचा घाटा शिजवायचा, त्यात लसूण, तीळ, मिरची घालायची आणि खाटेवर ओलं धोतर पसरून त्यावर पातळ पापड थापायचे. हे एकटीचं काम नव्हे. ज्या घरचा दिवस असेल, तिथे बाकीच्या घरांतल्या बायका जातात. मेहरूणजवळच्या या गल्लीत मी वीस वर्षं राहते आणि एकाही घरचा दिवस मी चुकवलेला नाही. रविवार आला तर उपासना आटोपून चर्चच्या साडीतच घाटा ढवळायला बसले. माझ्या घरचा दिवस मात्र कधी ठरला नाही.

मीच ठरू दिला नाही. गल्लीत ख्रिस्ती घर हे एकच. माझे वडील पिंपळनेरकडे एका खेड्यात शाळामास्तर होते, आणि मास्तरांची बायको असूनही माझ्या आईच्या ओंजळीत विहिरीवर पाणी वरूनच ओतलं जाई. यावर वडील कधी भांडले नाहीत. आम्हाला एवढंच सांगत, "इथं आपला देव कुणी पाहिलेला नाही. आपल्यावरूनच त्याची पारख होणार. देत राहायचं, कुणाचं मिंधं व्हायचं नाही." ते बोलणं मी पदराला बांधलं, आणि नको तितकं घट्ट बांधलं.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. गल्लीत कुणाला इंजेक्शन द्यायचं असो, कुणाच्या म्हातारीची जखम धुवायची असो, सिस्टर हजर. नळावर भांडणं जुंपली की मी बादली घेऊन गुपचूप शेवटी उभी राही. आतून मी उकळत असे, ही गोष्ट वेगळी. टोकाच्या घरातल्या बाईला एकदा तरी चांगलं खडसवावं, ही माझी फार जुनी इच्छा आहे आणि ती अजून पुरी झालेली नाही.

आणखी एक नेम होता. कुणाच्या घरी काही खायचं नाही. सिस्टर खाण्यासाठी येतात, असं कुणी म्हणायला नको. समोरच्या घरातल्या अक्का शिंदखेड्याकडच्या, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. दरवर्षी त्यांच्याकडे घाटा शिजला की बायका वाटीत गरम घाटा घेऊन वर तेलाची धार सोडून खात. अक्का माझ्यासाठीही वाटी भरत. मी म्हणे, "जेवून आले, अक्का." पहिली काही वर्षं त्यांनी आग्रह केला. मग वाटी भरणं थांबलं, आणि मी ते माझ्या नेमाचं यश समजले.

सात वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. मुलगी लांब सासरी. संध्याकाळी समोरच्या ओट्यावरून हसण्याचे आवाज येत. मी गेले की बायका सावरून बसत आणि आतून माझ्यासाठी खुर्ची आणली जाई. त्या सगळ्या खाली सतरंजीवर, मी एकटी वर खुर्चीत. त्यांचा आदर होता तो, कळत होतं मला. पण मला खुर्ची नको होती. घरी येऊन दार लावलं की मी प्रार्थनेला बसे आणि कित्येकदा प्रार्थनेऐवजी नुसती रडत असे.

यंदा फेब्रुवारीत न्हाणीघरात पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हातात जोर येईना. त्यातच कळलं, की अक्कांचा मुलगा त्यांना कायमचं सुरतेला नेतोय. मुलीसाठी दरवर्षी थोडे बिबडे मी मागच्या अंगणात एकटीच करते. यंदाही ज्वारी भिजवली. बोलवायचं कुणाला? बोलावण्याची सवयच नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी चुलीवर घाटा चढवला. पट्टी बांधलेल्या हाताने ढवळता येईना, डाव्याला वळण नव्हतं. घाटा घट्ट झाला, खाली लागला, करपल्याचा वास सुटला. मी लाकडी दांडा अंगणात भिरकावला आणि मोठ्याने ओरडले, "कुणीच नाही का रे माझं!" देवाला म्हणाले की गल्लीला, मला सांगता यायचं नाही.

थोड्या वेळाने मागच्या फाटकाशी अक्का दिसल्या. बाहेरच उभ्या होत्या. "सिस्टर, मी मजार येऊ का?"

मी म्हटलं, "या ना आत, अक्का. हे ढवळून द्या मला."

त्या आत आल्या, पण चुलीकडे गेल्या नाहीत. आधी नळाशी बसल्या. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा धुतले आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "नीट धोयात. आते चालतीन ना?"

मला काहीच कळेना. "का नाही चालणार?"

"तुमनामा आमना हातनं चालस नही ना," त्या साधेपणाने म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "बठ्ठी गल्ली तसंच समजस."

सगळी गल्ली! मी तिथेच पायरीवर बसले. विहिरीवरची आई आठवली, पुढे केलेली तिची ओंजळ आठवली. तिला जे सोसावं लागलं, ते मी वीस वर्षं या बायकांना देत होते, तेही देवाच्या नावाने. ज्याचं नाव मी सांगते, तो तर परक्या बाईकडे पाणी मागायला लाजला नव्हता, कुणाच्याही पंगतीला बसत होता. दर रविवारी मी हे ऐकते.

मी खूप काही सांगू पाहिलं. वडिलांचं, मिंधेपणाचं. अक्कांनी निम्मं ऐकलं असेल. त्यांनी दांडा उचलून धुतला, वरचा न करपलेला घाटा दुसऱ्या पातेल्यात काढला आणि ढवळायला लागल्या. अजून महिनाभराने समोरच्या दाराला कुलूप लागणार होतं. गेलेली वीस वर्षं कुणाकडे मागायची?

घाटा झाला. वास अंगणभर पसरला. अक्का सवयीने एकच वाटी शोधत होत्या, स्वतःसाठी.

"अक्का," मी म्हटलं, "सकाळपासून मी काही खाल्लं नाही. मला वाढा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वाटी बाजूला ठेवली आणि आपल्या हाताने पहिला घास माझ्या तोंडाशी आणला.