तीन कामट्या

आमच्या काशीदच्या घराच्या छपरासाठी एक सुतार अंगणात लाकडी त्रिकोणी कैच्या जोडायचा. मी टेप पुढे केली तर "न्हाय" म्हणाला. पहिल्या कैचीच्या तीन बाजूंएवढ्या बांबूच्या तीन कामट्या त्याने कापून ठेवल्या होत्या. नव्या कैचीच्या प्रत्येक बाजूला कामटी लावायची, जुळली की "हाय" म्हणायचं, संपलं. कोपरे तो कधी मोजायचाच नाही. मला हा माणूस पहिल्या दिवसापासून कामचुकार वाटला.

एकदा तो जेवायला गेला तसा मी शाळेतला मोठा लाकडी कोनमापक काढला आणि सगळ्या कैच्यांचे कोन मोजले. सगळे जुळले. तरी संशय जाईना, म्हणून पुन्हा मोजायला बसलो. मान वर केली तर तो समोर उभा.

रागावला नाही. कामट्या उचलल्या आणि मी हात लावलेली एकेक कैची पुन्हा तपासली. "हाय. हाय. हाय." मग माझ्याकडे बघत म्हणाला, "मास्तर, तीन बाजू जुळल्या की कोन जुळतातच, असं माझ्या पोरीला वर्गात तुमीच शिकवलंय ना? का घरी जाऊन सांगू तिला, तसं काय न्हाय म्हणून?"