ओला फडका लावू नको

मोडक्या फर्निचरच्या रंगाला बसण्याआधी काका अंगठा जिभेवर टेकवायचे, तो ओला अंगठा कोऱ्या लाकडावर घासायचे आणि समोरच्याला विचारायचे, "कोनी मारला याला?" लाकूड ओलं केलं की पॉलिशखाली ते कसं दिसेल याचा अंदाज येतो, म्हणून अंगठा. प्रश्नाचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं.

खारघरला एका टॉवरच्या तळाला माझा सुतारकामाचा गाळा आहे. मोडलेलं मी जोडायचो आणि जोड दिसू नये म्हणून जासईहून काका यायचे. तुम्ही शांतपणे ब्रश फिरवणारे पॉलिशवाले पाहिले असतील. आमचे काका तसले नव्हते. राग कायम नाकावर. एका गिऱ्हाइकानं "शेड जरा डार्क वाटते" एवढंच म्हटलं, तर काकांनी रंगाचा डबा त्याच्या अंगावर भिरकावला. वॉचमन, टेम्पोवाला, मी, कुणाशीही प्रकरण हातघाईवर यायचं. उद्यापासून यांना बोलवायचं नाही, असं मी दरवेळी ठरवायचो आणि सकाळी पुन्हा फोन लावायचो. त्यांनी रंग जुळवला की माझाच जोड मला सापडत नसे.

एकदा पाय मोडलेली एक खुर्ची रंगवून वाळत ठेवली होती. तिच्याकडे बघत काका म्हणाले, "मी अशीच खुर्ची बायकोच्या पाठीत घातली. तिचा बाप येनार व्हता म्हनून मीच जोडली, मीच रंगवली. सासरा त्याच खुर्चीवर बसून चा पिऊन गेला. त्याला काय दिसला नाय."

"काकी बोलल्या नाहीत?"

"बोलून दाखवनार काय? मी दिसन्यासारका काय ठेवलाच नव्हता."

पुढे ती मुलीला घेऊन गेली ती परत आलीच नाही. मला त्या दिवशी काकांची किळस आली. काही दिवस मी त्यांच्याबरोबर चहा घ्यायचंही टाळलं.

मग आमच्याच टॉवरमधल्या एका जोडप्याच्या बेडरूमचं दार दुरुस्तीला आलं. कडीजवळची चौकट आतल्या बाजूला फाटलेली, खालच्या फळीला भोक. मी नवं लाकूड बसवलं आणि रंगासाठी काकांना वर नेलं. नवरा तरुण, गोडबोल्या. थंड पाणी स्वतः आणून दिलं. "काका, रविवारी साताऱ्याहून सासरे येतायत. काही कळलं नाही पाहिजे हां." भर उन्हाळ्यात बायको लांब बाह्यांचा कुर्ता घालून कोपऱ्यात उभी होती.

काकांनी अंगठा घासला. "कोनी मारला याला?"

"वाऱ्यानं आपटलं."

"वाऱ्याला पाय असतान का रे?"

नवऱ्यानं काकांची कॉलर धरून त्यांना भिंतीवर आदळलं. "काम करतोस की निघतोस?" आता काका याला फोडणार, म्हणून मी मध्ये सरकलो. पण काकांनी ब्रही काढला नाही. खाली बसून रंग कालवायला लागले.

दार असं झालं की नवरा टॉर्च मारून जोड शोधत राहिला. निघताना काका त्याच्यासमोरच बायकोला म्हणाले, "पोरी, ओला फडका लावू नको. एक हात मारलास तरी रंग उतरंल, खालचा समदा दिसंल." आणि तिच्याकडे नुसते बघत राहिले.

"ऐकलंस ना?" नवऱ्यानंही तिला बजावलं.

लिफ्टमध्ये मी विचारलं, "वरून लॅकर नाही मारलंत?" रंग पक्का होतो तो त्या शेवटच्या हातानं.

"इसरलो," काका म्हणाले. एवढ्या वर्षांत ते कधी विसरले नव्हते.

रविवारी काम नसताना काका गाळ्यात येऊन बसले. दुपारी नवरा जिन्यानं धडधडत खाली आला. सासऱ्यांसमोर बायकोनं दार ओल्या फडक्यानं पुसलं होतं, बाह्या वर सारून हातावरचे वळ दाखवले होते, आणि आता वर बाप-लेक बॅग भरत होते. "म्हाताऱ्या, तू केलंस हे!" म्हणत त्यानं काकांच्या तोंडावर गुद्दा हाणला. ओठ फुटला, काका खाली बसले. तो वर जायला वळला, तर काकांनी दोन्ही हातांनी त्याचा शर्ट पकडला.

"सोड!"

काका सोडेनात. त्यानं माझी हातोडी उचलली आणि त्यांच्या उजव्या हातावर घातली. पुन्हा घातली. हाडाचा आवाज मला ऐकू आला. एरवी शब्दावरून अंगावर जाणाऱ्या माणसानं त्याला उलट एक फटका मारला नाही, नुसता डाव्या हातानं लटकून राहिला. मी आणि वॉचमननं मिळून हातोडी हिसकावली आणि नवऱ्याला जमिनीवर दाबून धरलं.

तो उजवा हात पुन्हा ब्रश धरू शकला नाही, आणि आता काकाही राहिले नाहीत. मला ते आठवतात ते त्या दुपारचे. पोलीस येत होते, रिक्षा दारात उभी होती, मी विनवत होतो, "काका, चला, दवाखान्यात चला." शर्टाचं टोक त्यांच्या डाव्या मुठीत तसंच.

"गेली का ती?" त्यांनी विचारलं.

"गेली, काका. गाडी गेटबाहेर पडली. मी पाहिली."

मग त्यांनी मूठ उघडली.