पहिल्या नंबराचा मान

निंगव्वाला लोक हसायचे. सोलापूरजवळच्या होटगीच्या पलीकडे तिचं गाव. नवरा पटकीच्या साथीत गेला, पोटी लेकरू नाही, आणि त्याच साली गोठ्यातली गाय वासराला जन्म देऊन मेली. ते वासरू हिनं दुधात चिंधी बुडवून, चोखायला देऊन जगवलं. थंडीत आपली वाकळ त्याच्या अंगावर टाकायची आणि आपण चुलीपाशी कुडकुडत बसायची. त्याचं नाव ठेवलं हौश्या.

"अगं, बैल हाय त्यो, नवरदेव न्हवं!" शेजारणी म्हणायच्या.

"तुमच्या नवरदेवांपरीस बरा हाय," ही म्हणायची. "हाक मारली की येतोय." मग बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. काय करतील? खरंच होतं ते.

हौश्या चार वर्षांत असा भरला की रस्त्यानं निघाला तर माणसं वळून बघायची. पांढराशुभ्र खिल्लार, शिंगं तलवारीसारखी मागं गेलेली, आणि स्वभाव असा की अंगावर चिमणी बसली तरी शेपूट हलवायचा नाही. निंगव्वाच्या धाकट्या दिराचा, तिप्पण्णाचा, डोळा त्याच्यावर फार दिवस होता. वाईट डोळा नव्हे हो. घराण्याचं नाव व्हावं, एवढीच हौस.

"वैनी, औंदा शेतकी जत्रंत न्यायाचा ह्येला," तो म्हणाला. "पयला नंबर आला न्हाय तर मिशा काढीन."

सोलापुरात दर वर्षी संक्रांत झाली की ही शेतकी जत्रा भरायची. गावातल्या चार शहाण्या माणसांनी कमिटी करून काढलेली. आधीची काही वर्षं रडतखडत गेली. पण पस्तीस सालची जत्रा अशी भरली म्हणता! मैदानात पाय ठेवायला जागा नाही, बैल मोहोळपासून आलेले, नांगर, बियाणं, कणसं, सगळं मांडलेलं. आणि बैलांत पहिला नंबर आला हौश्याचा. तिप्पण्णानं तिथंच फेटा हवेत उडवला. निंगव्वा बैलाच्या गळ्यात पडून रडली, आणि त्या दिवशी कुणी तिला हसलं नाही.

आता ह्या जत्रेची एक रीत होती. ज्यांनी जत्रेला हातभार लावला ते आश्रयदाते. पहिल्या नंबराचा बैल वाजतगाजत त्या प्रत्येकाच्या दारी न्यायचा. घरच्या सवाष्णीनं त्याच्या पायावर पाणी घालायचं, ओवाळायचं आणि एक घास भरवायचा. बसवण्णाच तो, महादेवाचा नंदी, दारात आलेला. रीत चांगली होती, नाही कशाला म्हणू? पण पूर्वी आश्रयदाते होते चार-पाच. यंदा जत्रा गाजली तशी सगळ्यांनाच आश्रयदाता व्हावंसं वाटलं, आणि दोन पेठा भरतील इतकी दारं झाली.

दुपारी मिरवणूक निघाली. पुढं हलगी, मग नव्या फेट्यात तिप्पण्णा आणि त्याच्या हातात हौश्याचा कासरा. बैलाच्या पाठीवर निंगव्वानं स्वतः शिवलेली झूल होती, तिच्या लग्नातलं इरकली लुगडं फाडून केलेली. ती स्वतः मात्र सगळ्यांच्या मागं. सवाष्णी ओवाळणार तिथं विधवेनं पुढं यायचं नसतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

पहिल्या दारी पुरणाची होळगी. दुसऱ्या दारी शेंगापोळी. तिसऱ्या दारी भिजवलेली डाळ आणि गूळ. निंगव्वाचा ऊर भरून येत होता. पण दारं संपेनात. एक घास म्हणून आणलेलं ताटच रिकामं व्हायला लागलं. शेजारणीनं दोन पोळ्या घातल्या तर आपण एक कशी घालायची? हौश्या बिचारा लाडावलेला, पुढं केलेलं खायचं एवढंच त्याला ठाऊक. ह्यातल्या कुणाला कळत नव्हतं असं नाही बरं का. पेठेतली निम्मी माणसं शेतावरून आलेली. बैलाला गोडधोड जास्त झालं की पोट फुगतं, हे त्यांच्या घरातलं पोरही सांगेल. पण प्रत्येकाला वाटलं, माझ्या एका घासानं काय होतंय!

निंगव्वानं कडेकडेनं जाऊन दिराला गाठलं. "भावजी, बास करा की आता. लई झालं."

"गप बसा वैनी. बसवण्णाचा मान हाय."

"बसवण्णाला पोट न्हाय व्हय?"

तिप्पण्णानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग मिरवणुकीत कमिटीचे सेक्रेटरी गंगाधरपंत वकील चालले होते, त्यांच्याकडं ती गेली, हात जोडले. माणूस वाईट नव्हता. थांबून त्यांनी ऐकून घेतलं.

"बाई, तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण एक दार वगळलं तर माणूस कायमचा दुखावतो. आता थोडीच राहिली आहेत."

शेवटचं दार मोठ्या अडत्याचं, सगळ्यांत मोठ्या आश्रयदात्याचं. त्याची बायको सावित्रम्मा तुपानं निथळणाऱ्या होळग्यांचं ताट घेऊन उभी. हौश्यानं ताट हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"अगंबाई! आमच्याच दारात तोंड फिरवतोय?" सावित्रम्माचा चेहरा उतरला. घरावर काही अरिष्ट येणार की काय, असं बाईला खरंच वाटलं. तिप्पण्णा शरमला. त्यानं वेसण वर खेचली, जबडा उघडला आणि होळगी आत कोंबली. मग दुसरी. हौश्या मान वळवून मागं बघत होता, गर्दीत कुणाला तरी शोधत होता.

निंगव्वा पुढं आली. "सोडा त्याला!"

"ए, मागं हो तू!" ओट्यावरची म्हातारी ओरडली. "सवाष्णी ओवाळत्यात, दिसत न्हाय?"

आणि निंगव्वा मागं सरली. अहो, जन्मभर मागं सरायचीच सवय लावलेली, पाय आपोआप सरले. त्या पायांना तिनं पुढं किती शिव्या घातल्या!

दिवस मावळायच्या आत, मैदानाजवळच्या मुक्कामावर पोचेपर्यंत, हौश्याची डावी कूस ढोलासारखी फुगली. तेल पाजलं, फिरवलं, कूस चोळली. तिप्पण्णा लहान मुलासारखा रडत होता आणि चोळत होता. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच हौश्या गेला, निंगव्वाच्या मांडीवर तोंड टाकून.

त्या सकाळी मैदानात आभाराची सभा होती. गंगाधरपंत धावत आले, बैलापुढं उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खोटं कशाला सांगू? मग म्हणाले, "पुण्याहून शेतकी खात्याचे मोठे साहेब येताहेत. पहिल्या नंबराच्या बैलाबरोबर फोटो ठरलाय. सभा होईपर्यंत ही गोष्ट कुठं बोलू नका, एवढी दया करा." दुसऱ्या नंबराचा बैलही पांढराच होता. तिप्पण्णानं खाली मान घालून त्याच्यासाठी मेलेल्या हौश्याच्या अंगावरची झूल सोडली.

"फोटूत गावाचं नाव येतंय वैनी," तो म्हणाला.  

सभेत भाषणं झाली. आश्रयदात्यांच्या प्रेमळ हातांनी जत्रा वाढवली, असं एक जण म्हणाला आणि टाळ्या पडल्या. मग फोटोसाठी तो दुसरा बैल पुढं आणला, त्याच्या पाठीवर ते इरकली लुगडं. साहेबाला रीत दाखवावी म्हणून सावित्रम्मा पुन्हा ताट घेऊन उठली, आणि तिच्यामागं आणखी बायका.

मागच्या रांगेतून निंगव्वा उठली. ह्या वेळी पाय सरले नाहीत. सरळ चालत गेली आणि ताटावर असा हात मारला की होळग्या साहेबाच्या बुटांवर पडल्या.

"हौश्या मेला माझा!" ती ओरडली. "कुणा एकानं न्हाय मारला. समद्यांनी मिळून मारला, येकेक घास घालून! आता हितं दुसऱ्याला मारताय?"

 ज्याचा तो बैल होता तो गडी गुपचूप कासरा धरून त्याला मागं घेऊन गेला. बाकी सगळे एकदमच ओरडले, "अपशकुन! अपशकुन! बाहेर काढा हिला!" आणि दंडाला धरून तिला बाहेर काढणारा पहिला माणूस तिप्पण्णा होता.

पुढच्या वर्षी जत्रा आणखी मोठी भरली. आश्रयदाते वाढले, दारं वाढली, ताटंही वाढली. हौश्याला काही कमिटी विसरली नव्हती. पुन्हा तसं होऊ नये म्हणून कमिटीनं नवा नियमच केला: मिरवणुकीत विधवेनं पाय ठेवायचा नाही.