राग आला की गायचं

आमची ही माझ्यावर रोज चिडायची, पण लोकांच्या लेकरावर तिनं कधी हात उचलला नाही. कटंगीजवळच्या आमच्या गावात ती आंगणवाडीत मदतनीस होती. सारे तिला काकू म्हणत. चावणारी, ओरबाडणारी पोरं मुद्दाम तिच्यापाशी आणून बसवत.

पोराला बडवत आणणाऱ्या बापाला ती तिथंच झापायची. "त्याले सांगता येत नाही, म्हणून हात चालवते. तुमाले तं तोंड हाय, तुमी काहून चालवता?"

एकदा बालाघाटहून तपासणीची मॅडम आली. हिंदीवाली. तेवढ्यात एकानं दुसऱ्याच्या गालात नखं रुतवली. ही म्हणाली, "मॅडम, याले लय राग येते." मॅडमला वाटलं, गाण्याचा राग. "आता है तो गवाओ ना, दीदी."

ही हसून हसून खालीच बसली. मग पोराला म्हणाली, "मॅडम सांगून राह्यली, गा." त्यानं तोंड वासून 'आ' लावला. बाकीच्यांनी ताटल्या बडवल्या. दम संपला तेव्हा त्याची मूठ सुटली होती. तेव्हापासून तिथं राग आला की गायचं, हाच कायदा. रस्त्यानं जाणारे कानावर हात ठेवत. ठेवोत.

यंदा हिवाळा सरता सरता ती गेली. तेरवीला पुऱ्या खाताना साऱ्या गावानं तिची वाहवा केली. अन् महिना झाला नाही तर नव्या बाईनं माझ्या नातीला उन्हात बसवलं. चावते म्हणून.

"आबाजी, पोरगी बिघडली. घरीच ठेवा."

घरी लेकानं तिच्यावर हात उगारला. मी त्याचं मनगट धरलं.

"तुह्या मायनं तुले कधी मारलं काय?"

"नाही, बाबा."

"मंग कोणापासून शिकला?"

त्यानं हात खाली घेतला.

बिघडली म्हणे. चार वर्षांची आहे ती. आजी गावाला गेली, असं सांगून ठेवलंय शहाण्यांनी. पोरगी दाराकडे पाहत बसते. कोणी आलं की धावते, अन् ती आजी नसते.

काल मी तिला मांडीवर घेऊन खरं सांगितलं. आजी मेली. आता येणार नाही.

ती माझ्या हाताला कडकडून चावली. मी हात काढला नाही. माझ्या तोंडात दात राहिले असते, तर मीही कोणाला तरी चावलो असतो.