हालंडकरांचा चेंडू

कुणी बुटांना चरबी चोळली की आजही मी नाक धरतो आणि मनाने थेट सांगलीच्या मैदानावर जाऊन उभा राहतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचा काळ. रहिमतपुरात आमच्या फुटबॉल संघाला शिकवायला एक डच साहेब होते. मायदेशी ते पोटासाठी फुटबॉल खेळायचे. गुडघा गेला तसे शिकवू लागले आणि लढाईमुळे इकडेच अडकले. आम्ही त्यांना हालंडकर म्हणायचो. सांगलीत हरलो, तर संघाचे मालक त्यांना काढणार होते.

चामडं मऊ राहावं म्हणून हालंडकर चेंडूला चरबी चोळायचे. गाईची की डुकराची, यावर संघ अडून बसला. शेवटी आमच्यातल्या कासम खाटकाने बोकडाची आणली. ती सगळ्यांना चालली, पण उन्हात अशी नासली की मेलेली घूस बरी!

सामना संपत आला, तरी गोल नाही. सांगलीच्या सोवळ्या गोलकीपरपर्यंत आमचा चेंडू एकदाही पोचला नव्हता. तेवढ्यात कासमने तो उंच माझ्याकडे मारला आणि ओरडला,

"डोकं लाव रं गड्या!"

"आरं, लय घाण येतीय!"

"नाक धर, पन लाव!"

नाक धरून मी डोकं लावलं. गोलकीपरने हात पुढे केले, वास आला, आणि हात मागे घेतले. गोल!

हालंडकर लंगडत धावत आले आणि त्यांनी माझ्या चरबीने माखलेल्या कपाळाचा मुका घेतला. शी! चेंडूपेक्षा मला त्या मुक्याचीच किळस आली. त्यांच्यासमोरच मी मातीने कपाळ खसाखसा घासलं. आज वाटतं, घरापासून इतक्या लांब त्या माणसाला मुका घ्यायला दुसरं कपाळ तरी कुठे होतं?